डावा टायर डावीकडेच

बाळांनो,

गेल्या रविवारी धाकट्याने व्हिडिओ कॉलवर मला त्याची गाडी दाखवली. गाडी जुनी आहे, पण त्याच्यासाठी नवी. फोन खाली नेऊन त्याने टायरही दाखवले आणि मोठ्या माणसासारखा सांगू लागला, "आजी, इथे थंडी आली की टायर बदलावे लागतात. बर्फाचे वेगळे असतात." थोरली मागून ओरडली, "अरे, आजीला काय कळणार त्यातलं!" मी हसले आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. टायरमधलं मला कळतं. कसं कळलं ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आईलासुद्धा नाही. माझ्या एका चुकीमुळे एका माणसाचं हातातलं काम आठ महिने बंद पडलं होतं आणि ते आठही महिने मला त्याचं कारण ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात नेरूळच्या नव्या घराची किल्ली मिळेल. मग सामान लावण्याच्या नादात हे राहून जाईल, म्हणून आत्ता लिहिते आहे.

आपली नेरूळची इमारत पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हापासून मी घणसोली गावात भाड्याने राहते, हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्ही माझी खोली पाहिली आहे. त्या खोलीखाली जी ओटी आहे, म्हणजे घरापुढची पडवी, ती तुम्ही पाहिलेली नाही. तिथे आमचे घरमालक बसतात. बसतात म्हणायचं एवढंच. मी त्यांना सलग दहा मिनिटं बसलेलं फक्त टायर कापताना पाहिलं आहे.

ते मूळचे याच गावचे, आगरी. वडिलांची भातशेती शहर वसवायला गेली आणि तिच्या जागी आता टॉवर आहेत. गावठाणातल्या घरावर त्यांनी तीन मजले चढवले, वर आम्ही भाडेकरू. पोटापाण्याची चिंता त्यांना नव्हती. तरीही सकाळी नऊ वाजता ते ओटीवर एक टायर लोखंडी घोडीवर चढवत, विजेवर तापणारं एक हत्यार हातात घेत आणि रबरात खाचा कापायला लागत. ते हत्यार दिसायला पिस्तुलासारखं, टोकाला नखासारखं वाकवलेलं पातं. पातं लाल झालं की रबरातून लोण्यातून जावं तसं जाई आणि मागे रबराच्या काळ्या कुरडया पडत. वास इतका यायचा की पहिल्या आठवड्यात मी खिडक्या बंद करून तक्रार करायला खाली गेले होते.

"हा वास किती दिवस येणार?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "टीचरबाय, तुमी फोडनी घालता तवा आमी काय बोलतो का?"

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी सगळ्या गावाची टीचरबाय झाले.

आता हे खाचा कापणं काय आहे ते सांगते. टायर विकत घेताना त्यावर नक्षी असतेच. पण ती नक्षी सगळ्या जगासाठी एकच. आमच्या घरमालकांना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, "टायर म्हंजे गारीचा पाय. चपला आपन पाय बघून घेतो का रस्ता बघून? मंग?" तरुणपणी ट्रॅक्टरची ट्रॉली खाडीच्या चिखलात रुतायची, तेव्हा त्यांनी चुलीत कोयता तापवून ट्रॉलीच्या टायरला स्वतः खाचा पाडल्या होत्या आणि ट्रॉली वर आली होती. तिथून हे सुरू झालं. पुढे डोंगरात चिखलातून जीप पळवणारी हौशी मुलं त्यांच्याकडे येऊ लागली. जेट्टीवर होडीतून मासे आणायची हातगाडी चिखलात सरकू नये म्हणून कोळी लोक येऊ लागले. प्रत्येकाला ते पहिला प्रश्न हाच विचारत, "जातोस कुठनं?" गाडी कुठली, हे नंतर.

झिजलेल्या टायरला मात्र ते हात लावत नसत. एकदा एक रिक्षावाला आला. टायर घासून पार गुळगुळीत झालेले, ज्याला इथे गोटा म्हणतात.

"काका, जरा नक्षी मारून द्या ना. पासिंगला जायचंय."

यांनी अंगठ्याचं नख टायरवर दाबलं. "यात रबर कुठं हाय? पातं लावला तर खाली तार लागंल."

"थोडीच मारा. दिसण्यापुरती."

"दिसन्यापुरती पायजे तर चुन्यानं रंगव." मग एकदम आवाज चढला. "चालवूनशी आयलास ना यावर? मागं पोरं बसवली असशील शालेची! आता चालवायची नाय. ढकल!"

आणि खरोखर, त्या माणसाला त्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या टायरच्या दुकानापर्यंत रिक्षा ढकलायला लावली. स्वतः मागून ढकलत होते आणि वाटभर शिव्या देत होते. मी बाल्कनीतून बघत होते. वहिनी, म्हणजे घरमालकीणबाई, ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या वर बघून म्हणाल्या, "बगा टीचरबाय, घरात गॅसचा सिलिंडर ढकलाला सांगितला तं यांची कंबर दुखते."

हा माणूस रस्त्याने सरळ चालत नसे. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी उकिडवा बसे आणि टायरवरून अंगठा फिरवी. लोकांना वाटे हवा सोडतोय. नेरूळला आपल्या इमारतीचं काम बघायला मी त्यांना एकदा घेऊन गेले, तर पाच मिनिटांत तिथल्या वॉचमनने त्यांची कॉलर धरली होती. मी धावत गेले. "अहो, हे चोर नाहीत, माझे घरमालक आहेत." वॉचमन म्हणाला, "मग त्यांना सांगा ना मॅडम, उभं राहायला. माणूस असा सारखा बसतो उठतो, तर टेन्शन येणारच की."

आजोबांनी घेतलेली लाल गाडी मी अजून चालवते, हे तुम्हाला आवडत नाही. तिला नवे टायर घातले, तेव्हा घरमालक म्हणाले, मी कापून देतो. मी आधी नको म्हटलं. नव्या टायरला कुणी चिरा पाडतं का? पण ते माझ्या मागेच लागले. तुमच्यासारखं बाईमाणूस एकटं रोज पाण्यातून जातं, मला खाली चैन पडत नाही, म्हणाले. शेवटी मी हो म्हटलं.

कापण्याआधी त्यांना माझा रोजचा नेरूळचा रस्ता बघायचा होता. हातात पाण्याची बाटली घेऊन ते माझ्या शेजारी बसले. गावातल्या काँक्रीटच्या उतारावर, जिथे मासळीच्या पाट्यांचं बर्फाचं पाणी वाहतं, तिथे त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि ते कुठे वाहतं ते बघत बसले. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "थांब रे, तुझ्यापन कामाचाच हाय," असं त्याला सांगून ते तिथेच. सानपाड्याच्या पुलानंतरच्या वळणावर तसंच. नेरूळच्या स्टेशनबाहेर तसंच. घरी येईपर्यंत माझा ब्लाउज घामाने भिजला होता. "तुमची गारी पान्याची हाय," त्यांनी निकाल दिला. "चिखलाची नाय."

मग त्यांनी चारही टायर काढून तिरक्या, बारीक खाचा कापल्या. मूळ खाचांपेक्षा कमी खोल. चाक पुढे फिरेल तसं पाणी आतून बाहेर फेकलं जावं, अशा. मी खुर्ची टाकून बघत होते. त्या दोन दिवसांत हा अस्वस्थ माणूस पहिल्यांदा शांत दिसला. हात हलत होता, बाकी काही नाही. श्वाससुद्धा पातं उचलल्यावर.

काम झाल्यावर त्यांनी नियम सांगितले. मी ते वहीत क्रमांक घालून लिहून घेतले. टायर साबणाने धुवायचा नाही. टायरला लाथ मारून हवा बघायची नाही, "तो काय बैल हाय?" गाडी लावली की चाकं सरळ करायची. दुपारच्या उन्हाकडे टायरचं तोंड ठेवायचं नाही. शेणावरून न्यायची नाही. असे वीस झाले. नववा होता, डावा टायर डावीकडेच, उजवा उजवीकडेच. मी सगळं शिस्तीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि एकही नियम पाळायचं मनावर घेतलं नाही. मला ते सगळे सारखेच वाटले, एका विक्षिप्त माणसाचे. त्या विसांतला एक खरा होता, हे मला कोण सांगणार? त्यांनी तर सांगितलंच होतं.

अडीच महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगला नेली. मी कंपनीचं पुस्तक सोबत नेते, तुम्हाला माझी सवय माहीत आहे. त्यात चित्र आहे. पुढचा डावा टायर मागे उजवीकडे, पुढचा उजवा मागे डावीकडे, असे फुलीसारखे बाण. टायर सारखे झिजावेत म्हणून. मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, यांच्यावर कुणीतरी वेगळं कापलेलं दिसतंय. अदलाबदल करायची का?"

"पुस्तकात लिहिलंय ना? मग करा," मी म्हणाले.

चारही टायरांच्या बाजू बदलल्या. म्हणजे चारही आता उलटे फिरणार. पाणी बाहेर फेकण्याऐवजी आत ओढणार.

पावसाळ्यात वहिनींच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं, सानपाड्याला. मीच म्हटलं, चला माझ्या गाडीतून. वहिनी नवीन साडी नेसून, मांडीवर बाळंतविड्याचा डबा घेऊन शेजारी बसल्या होत्या. पुलानंतरच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडी माझी राहिली नाही. मागचा भाग फिरला, दुभाजकावर आदळला. वहिनींनी डबा सोडून हात पुढे टेकवला होता. मनगट मोडलं. मला फक्त खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला.

घरमालक शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून आले. वहिनींना दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या रिक्षात, बारशाच्या घरून धावत आलेल्या त्यांच्या बहिणीसोबत बसवलं आणि मग ते भर पावसात माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले. एका टायरवर अंगठा फिरवला. उठले, दुसऱ्यापाशी गेले. चारही झाल्यावर ते तिथेच पाण्यात बसून राहिले. मी म्हटलं, "उठा, भिजताय." ते म्हणाले, "चारी उलट्या कापल्या मी."

मला काही कळलं नाही. धक्क्याने बोलत असतील असं वाटलं.

मला आठवड्याने कळलं. विम्यासाठी कागद हवे होते. फाइल उघडली तर सर्व्हिसिंगच्या कागदावर अदलाबदलीपुढे माझी बरोबरची खूण, खाली माझी सही. मी वही काढली. नववा नियम माझ्याच अक्षरात होता, सुवाच्य.

बाळांनो, लहानपणी तुम्ही काही मोडलंत की मी तुम्हाला काय सांगायचे? चूक झाली तर लगेच सांगावं, नंतर सांगणं अवघड होतं. ते मला आता पटवून द्यायची गरज नाही. मी वाक्य तयार करून जिना उतरायचे आणि खाली जाऊन विचारायचे, "आज पाणी किती वाजता येणार?" एकदा तर मी त्यांना काहीही कारण नसताना केळी दिली. आणि मला भीतीही होती, ती लपवत नाही. या वयात दुसरी खोली कुठे शोधू?

त्यांनी हत्यार गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. येणाऱ्यांना सांगत, "माझा हात गेलाय. दुसरीकडं जा." जेट्टीवरचा एक कोळी तीनदा येऊन गेला, त्याला तीनदा तेच. काम गेलं, पण हातांना ते कळत नव्हतं. घरातले सगळे कोयते त्यांनी धार लावून लावून निम्मे केले. भाडेकरूंचे न गळणारे नळ दुरुस्त केले, मग ते गळू लागले. माझ्या दाराचं बिजागर एका सकाळी न विचारता काढून ठेवलं आणि दुपारपर्यंत मी बिनदाराची बसले. प्लास्टर असेपर्यंत वहिनींसाठी ते भाकऱ्या थापायला गेले. तांदळाची भाकरी तव्यावर जाईपर्यंत नकाशासारखी फाटायची. वहिनी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "याच्यापरास उपाशी बरी." चालताना त्यांचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत असे, जणू तिथे टायर आहे. पण उभ्या गाडीपाशी आता ते बसत नव्हते. मान वळवून जात.

मग त्यांनी ठरवलं की दोष डोळ्यांचा आहे. मोतीबिंदू होताच, थोडासा. ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेले. "दिसतं का आता नीट?"

"दिसतं सगलं. तुमच्या कानातलंपन दिसतं." मग हळू म्हणाले, "तेवा दिसला नाय, त्याचा काय करू?"

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मार्चमधल्या एका सकाळी खाली भंगारवाल्याचा आवाज आला. मी बाल्कनीत आले. घरमालक गोणपाट सोडत होते. पाती, वायर, ती लोखंडी घोडी, सगळं ओटीवर मांडलेलं. भंगारवाल्याने काटा लावला होता. मी तशीच खाली गेले. हातात फाइल आणि वही होती, त्या कधी घेतल्या आठवत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "ते देऊ नका. तुम्ही उलट्या कापल्या नव्हत्या. मी टायरांची अदलाबदल केली होती."

मी कागद उघडून वाचून दाखवला, इंग्रजी आणि मग मराठी. मग वहीतला नववा नियमही वाचला.

"कवा केली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कापल्यावर अडीच महिन्यांनी. अपघाताच्या आधी."

ते अनवाणी माझ्या गाडीपाशी गेले. दुरुस्त होऊन आल्यापासून मी ती चालवलीच नव्हती, टायर तसेच होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा टायरापाशी बसले. चारही टायरांवर अंगठा फिरवून परत आले. चेहऱ्यावर हसू होतं, लहान मुलासारखं. "म्हंजे माझा हात बरोबर व्हता." आणि ते म्हणता म्हणताच हसू गेलं. "तुमाला कवा कललं?"

"आठवड्यात."

"आठ महिने!" ते ओरडले नाहीत. रिक्षावाल्यावर ओरडले होते तसं ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "आठ महिने मी माझ्या डोल्याला शिव्या देतोय, टीचरबाय."

वहिनी आतून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "वहिनी, तुमचा हात माझ्यामुळे..."

"हात मोरला तं मोरला," त्या म्हणाल्या. "तो गारीत बसल्याव कुनाचापन मोरतो. पन आठ महिने हा मानूस तुमी माझ्या घरात बसवलात ना, त्याची माफी मी तुमाला देनार नाय."

भंगारवाला इतका वेळ काटा धरून उभा होता. "काका, मग हे देताय का नाय?"

"निघ!" दोघेही एकदम म्हणाले.

त्यानंतर महिनाभर घरमालक माझ्याशी बोलले नाहीत. निरोप वहिनींकडून येत. एका दुपारी खाली आवाज आला म्हणून पाहिलं, तर माझी गाडी जॅकवर होती. न विचारता त्यांनी चारही चाकं जिथली तिथे लावली. मग पांढऱ्या ऑइलपेंटने प्रत्येक टायरच्या बाजूला एक बाण काढला. टायरच्या कडेच्या पातळ रबराला पातं लावायचं नसतं, म्हणून रंग. मी खाली जाऊन उभी राहिले. बाण काढता काढता ते म्हणाले, बहुतेक मलाच, "चूक माझीपन हाय. बान आधीच काढाला पायजे व्हता. मना वाटला, शिकलेलं मानूस हाय, सांगितला म्हंजे झाला."

ते वाक्य माझ्यासोबत नेरूळला येणार आहे.

खाचा उलट्या फिरल्या म्हणूनच गाडी घसरली का, हे मला नक्की माहीत नाही. मी त्यावर इंग्रजीत सापडलं ते सगळं वाचलं. कुणी ठाम सांगत नाही. कदाचित मी वेगात असेन. वहिनींशी गप्पा मारत होते, वेगाचा काटा पाहिला नव्हता. हेही मी घरमालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी आता सगलाच सांगाला लागल्या."

धाकट्या, तुझ्या टायरच्या बाजूवर बाण छापलेला आहे का, ते आज बघ. असला तर चाकं बदलणाऱ्याला तो दाखव. तुझ्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

ते आता पुन्हा सकाळी नऊला ओटीवर बसतात. जेट्टीवरच्या कोळ्याच्या हातगाडीचे टायर सर्वांत आधी कापले. प्रत्येक टायरवर आता पांढरा बाण असतो. माझ्या गाडीला मात्र ते पुन्हा पातं लावणार नाहीत, तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे आणि मी विचारलंही नाही. वहिनी मला अजून टीचरबाय म्हणतात, भाकरी अजून पाठवतात. पूर्वी ती गोल असायची. आता एका बाजूला जाड असते, कारण त्यांचं उजवं मनगट पूर्ण वळत नाही.

तुमची,
आजी